आजोबांची रायफल आणि शेकडा तीनचं व्याज

जिंतूर तालुक्यातून एका शेतकरी वाचकाचं पत्र आलंय. थोडक्यात असं : "वडील चौदा महिन्यांपूर्वी वारले. मागे आई, मी आणि दोन बहिणी. आजोबांच्या काळापासूनची ३१५ बोअरची रायफल घरात कपाटात आहे. परवाना वडिलांच्या नावे होता. निजामाच्या वेळची आहे म्हणतात. मोबाईलवर अशीच रायफल परदेशात दोन लाखांना गेलेली पाहिली. संभाजीनगरच्या बंदुकीच्या दुकानदाराने फोनवर ४०-५० हजार सांगितले. शेजारच्या गावचा एकजण कागदाशिवाय रोख ६० हजार द्यायला तयार आहे. माझ्यावर सावकाराचे १ लाख २० हजार आहेत, शेकडा तीनने. चांगला भाव आला की फेडीन म्हणून थांबलोय. मुलगा म्हणतो नळी घासून, दस्त्याला पॉलिश करून फोटो टाकू. बायकोचं तीन तोळे सोनं आहे, ते मोडायचं नाही. काय करू?"

नमस्कार. तुम्ही भाव विचारलाय, पण मला आधी ते कपाट दिसतंय.

परवाना वडिलांच्या नावाचा होता, तो त्यांच्याबरोबर संपला. आता ती रायफल घरात ठेवण्याचा अधिकार घरात कुणालाच नाही. शस्त्र कायद्यात, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, विनापरवाना बंदूक बाळगण्याला दोन ते पाच वर्षांची कैद आणि दंड आहे. वारसाने शस्त्र विनाकारण उशीर न लावता ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करायचं असतं. तुमचे चौदा महिने झालेत. उद्या सकाळी वडिलांचा मृत्यू दाखला आणि परवान्याचं पुस्तक घेऊन ठाण्यात जा, रायफल घरी आहे असा लेखी अर्ज द्या आणि ती कशी आणायची हे त्यांनाच विचारा. ओळखीचा वकील असेल तर सोबत न्या. पावतीवर कारखान्याचा क्रमांक, बोअर (नळीच्या पोकळीचं माप) आणि नळी-दस्त्याची अवस्था लिहून घ्या. ठाण्याच्या खोलीत पडून लोखंडाला गंज चढतो. नंतर तक्रार करायची वेळ आली तर हीच ओळ कामाला येते.

साठ हजारवाल्याला नाही म्हणा. तो बंदूक नेईल, पण पुस्तकात ती तुमच्याच घराच्या नावावर राहील. पुढे तिने काही केलं तर पोलीस आधी तुमच्या दारात येतील.

आता भाव. आमच्याकडे जुन्या बंदुकीला रझाकाराची एखादी गोष्ट चिकटलेली नसेल असं घर विरळाच. तुम्ही परवान्याच्या पुस्तकाचा फोटो पाठवलात म्हणून बरं झालं : त्यात रायफल १९६८ साली दुकानातून नवी घेतल्याची नोंद आहे आणि ती ईशापूरला बनलेली. निजामाचं राज्य १९४८ च्या सप्टेंबरात संपलं. म्हणजे ही बंगालमधल्या सरकारी कारखान्याची, त्या काळी साध्या माणसाला परवडणारी रायफल आहे. ३१५ हे बोअरच मुळात असं आलं की इंग्रजांना लष्करी काडतूस सामान्य लोकांच्या हातात नको होतं. त्यातून बिगरलष्करी वापरासाठी हे वेगळं काडतूस रूढ झालं, आणि पुढे आपल्या सरकारी कारखान्यांनीही तेच चालू ठेवलं. तुमची ३०३ असती तर ती मनाईच्या बोअरमध्ये गेली असती आणि गिऱ्हाईक मिळणंच मुश्कील झालं असतं. तेवढं तुमचं नशीब.

पण ३१५ रायफल सरकारी कारखाना आजही नवी बनवतो. म्हणून जुनीला वरची मर्यादा पडते, नव्यापेक्षा जास्त कोण देईल? दुकानदाराला आधी नवीचा दर विचारा आणि तिथून खाली या. १९८०च्या दशकाच्या मध्यानंतर खासगी माणसाला परदेशी बंदूक आणणं जवळपास बंद झालं, त्यामुळे आपल्याकडे जुन्या विलायती बंदुकांचे भाव चढले. तुमची देशी आहे, त्या रांगेत ती बसत नाही. आणि परदेशातले दोन लाख तुमच्या कामाचे नाहीत. तिथलं गिऱ्हाईक इथे येऊन घेऊ शकत नाही.

दुकानदार काय पाहतो? नळीच्या आतल्या वळणदार खाचा शाबूत आहेत की खड्डे पडलेत. बोल्टवरचा (काडतूस आत सरकवणाऱ्या दांड्यावरचा) क्रमांक आणि रायफलीच्या अंगावरचा क्रमांक एकच आहे का. दस्ता तडकलाय का. म्हणून मुलाला सांगा, पॉलिश पेपर लांब ठेव. घासताना कारखान्याचे ठसे पुसट झाले तर बंदुकीची ओळखच गेली, आणि क्रमांक नाहीसा झाला तर तो वेगळाच गुन्हा. स्टेटसवर फोटो टाकणं तर अजिबात नको.

विक्रीसाठी स्वतःच्या नावे परवाना काढलाच पाहिजे असं नाही. शस्त्र जमा केल्यावर ठरलेल्या मुदतीत वारस ते परवानाधारक दुकानदाराला किंवा खरेदीचा परवाना असलेल्या माणसाला विकू शकतो आणि पैसे त्यालाच मिळतात. मुदत उलटली तर जिल्हाधिकारी ते सरकारजमा करू शकतात. दुसऱ्या परवानाधारकाला थेट विकायची असेल तर ठाण्याला किंवा जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं. वारस म्हणून स्वतः ठेवायची असेल तर परवान्याचा अर्ज करता येतो. पण रात्री जागल करायला आणि रोही-रानडुकरं हाकलायला तुम्हाला ती लागत नाही असं पत्रावरून दिसतं. मग निवडणूक आली की जमा करा, नूतनीकरणाला चकरा मारा, हे कशाला?

आता तुमच्या पत्रात नसलेला एक आकडा. रायफल वडिलांची होती. आई, तुम्ही आणि दोन बहिणी असे चार वारस. ४५ हजार आले तर तुमचा वाटा ११,२५० रुपये. बहिणी "राहू दे दादा" म्हणतील कदाचित, पण ते त्यांनी म्हणायचं, आणि ठाण्यात-दुकानात त्यांची ना-हरकत लागेलच. सावकाराचं व्याज महिन्याला ३,६००. म्हणजे तुमचा वाटा तीन महिन्यांच्या व्याजाएवढा. रायफलीचा भाव यायची वाट पाहत तुम्ही चौदा महिन्यांत ५०,४०० रुपये व्याज दिलंत. अख्खी रायफल विकून येतील त्यापेक्षा हे जास्त आहे.

म्हणून कर्जाचा निर्णय रायफलीवर टांगू नका. सोनं मोडू नका, बँकेत तारण ठेवा. आजच्या भावाने तीन तोळ्यांवर १ लाख २० हजार सहज बसतात. दर दहा टक्क्यांच्या आसपास धरला तर वर्षाला १२ हजार, सावकाराला जातात ४३,२००. सोयाबीन-कापूस घरात आला की फेडायचं अशी मुदत बांधून घ्या. चुकवलीत तर बँकही दागिने लिलावात काढते, म्हणून वहिनींना विचारूनच, त्यांना आकडे दाखवून. तुमच्याकडे पीककर्ज नसेल तर तेही पाहा. वेळेत फेडलं तर राज्याच्या व्याज सवलतीने ३ लाखांपर्यंत शून्य टक्क्याने पडतं, मात्र ते पेरणीला वापरा.

सावकाराकडे परवाना आहे का, हेही तपासा. असला तरी शेतकऱ्याकडून विनातारण कर्जावर वर्षाला १२ टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, तुम्ही ३६ देताय. तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे होते. ती करायची की गोडीने हिशोब मिटवायचा, हे गावात राहून तुम्हालाच ठरवावं लागेल. माझा कल आधी सोनेतारणातून मुद्दल मोकळं करून पावती घेण्याकडे आहे.

रायफल विकून आलेल्या रकमेवर भांडवली नफ्याचा कर सहसा लागत नाही, ती घरच्या वापराची चीजवस्तू धरली जाते. पैसे मात्र बँकेतूनच घ्या.

आणि आईला विचारून घ्या. आजोबांच्या आठवणीला परवान्याचं ते जुनं पुस्तक घरात ठेवायचं असेल तर जमा करण्याआधी पानापानाची झेरॉक्स काढा.