‘ज्या स्थितीत पाचारण झालं तिथेच राहा’: पौलाने दासाला नेमकं काय सांगितलं?

प्रश्न असा: बायबलातल्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या ७व्या अध्यायात प्रेषित पौल दासालाही ‘आहेस तिथेच राहा’ म्हणतो. मग ही ख्रिस्ती वर्णव्यवस्थाच नाही का? आणि त्या हिशेबाने चांगली नोकरी शोधणंही चूक का?

नाही. हे वचन अर्ध्यावर तोडून मोलमजुरी करणाऱ्यांना ऐकवलं जातं, त्याची मला चीड आहे, म्हणून जरा लांब लिहितोय.

आधी शब्द बघा. ‘ज्या स्थितीत पाचारण झालं’ या २०व्या वचनात ग्रीक शब्द आहे ‘क्लेसिस’, म्हणजे बोलावणं, पाचारण. तोच शब्द याच पत्रात १:२६ मध्ये येतो: तुमचं पाचारण पाहा, जगाच्या लेखी ज्ञानी, बलवान, कुलीन असे तुमच्यात फार नाहीत. इथे धंदा किंवा दर्जा हा अर्थ बसतच नाही. देवाने हाक मारली, एवढंच. धर्मसुधारक मार्टिन लूथरच्या जर्मन बायबलाच्या पुढच्या आवृत्त्यांत ७:२० ला ‘बेरुफ’ आला, ज्याचा जर्मनमधला अर्थ पेशा, आणि ‘देवाने नेमून दिलेलं काम’ ही समजूत त्याच वाटेने रुजली. आपल्या मराठी बायबलातला ‘पाचारण’ कितीतरी सरस. पाचारण म्हटलं की बोलावणारा डोळ्यापुढे येतो, हुद्दा येत नाही.

खरी गाठ २१व्या वचनात आहे. दास असताना तुला बोलावणं आलं? त्याची चिंता करू नकोस. पण मोकळं होता येत असेल तर ‘माल्लोन ख्रेसाइ’. म्हणजे ‘त्यापेक्षा उपयोग कर’. कशाचा? वाक्यात कर्मच नाही! स्वातंत्र्याचा की दास्याचा, हे वाचणाऱ्याने भरायचं. चौथ्या शतकाच्या शेवटी अंत्युखिया शहरात योहान ख्रिसोस्तोम या नामांकित प्रवचनकाराने ‘दास्याचा’ असं भरलं. दुसरा अर्थ लावणारे आहेत हे त्याला ठाऊक होतं, तरीही. (याच पत्रावरच्या प्रवचनांत तो श्रीमंतांना सांगतो, दास घ्या, त्यांना हुन्नर शिकवा आणि सोडून द्या. ते कोणी उद्धृत करत नाही.)

तो इथे चुकला असं माझं ठाम मत आहे. गाळलेलं कर्म सहसा जवळच्या शब्दांतून घ्यायचं असतं, आणि जवळचे शब्द आहेत ‘मोकळं होता येणं’. शिवाय ‘ख्रेसाइ’ हे रूप एकदा करायच्या कृतीचं आहे. ‘दास्यातच राहत जा’ म्हणायचं असतं तर चालू क्रियेचं रूप अपेक्षित होतं. आणि अख्ख्या अध्यायाची घडणच अशी आहे की आधी नियम येतो, मग ‘पण’ म्हणून सूट. सोडून जाऊ नये, पण विश्वास न ठेवणारा जोडीदार गेलाच तर जाऊ द्या (१५). लग्न शोधू नकोस, पण केलंस तर पाप नाही (२८). २१वं वचनही त्याच साच्यातलं आहे. २३वं तर उघडच म्हणतं, माणसांचे दास होऊ नका.

विरुद्ध बाजूचा एक मुद्दा वजनदार आहे, तो लपवत नाही: २२वं वचन ‘कारण’ने सुरू होतं आणि ‘दास असलास तरी बिघडत नाही’ याला ते छान जुळतं. मी ते ‘चिंता करू नकोस’शी जोडतो.

२२व्यात पौल दासाला ‘प्रभूचा अपेलेउथेरोस’ म्हणतो. हा रोमी कायद्यातला शब्द आहे, मुक्त केलेला दास. इ.स.पू. १४६ मध्ये उद्ध्वस्त झालेलं करिंथ सीझरने इ.स.पू. ४४ मध्ये पुन्हा वसवलं, तेव्हा आणलेल्या वसाहतकऱ्यांत असेच लोक मोठ्या संख्येने होते. त्यामुळे ऐकणाऱ्यांना व्यवहार पाठ होता. दासाने गाठीला बांधलेला पैसाही कायद्याने मालकाचाच, मुक्तीवर ५ टक्के कर, आणि सुटल्यावरही जुन्या मालकाचा मान राखायचा, अनेकदा ठरलेले दिवस त्याच्याकडे राबायचं. पौल म्हणतो, तुझा तो जुना-नवा मालक आता प्रभू. आणि जो स्वतंत्र आहे तो ख्रिस्ताचा दास. दोघांच्याही पायाखालचा दर्जा काढून घेतला. जन्माने ठरलेलं काम पवित्र मानणं याच्या अगदी उलट आहे. स्वधर्माशी तुलना मात्र गीतेच्या बाजूनेही नीट करावी लागेल, ती इथे मावणार नाही.

आता हेही सांगायला हवं की पौलाने दास्यप्रथा मोडा असं कुठेच म्हटलेलं नाही. इफिसकरांस पत्राच्या ६व्या अध्यायात दासांना आज्ञापालनच सांगितलंय. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला बिशप इग्नाती दुसरा बिशप पोलिकार्प याला लिहितो, की दासांनी मंडळीच्या, म्हणजे स्थानिक ख्रिस्ती समाजाच्या, पैशातून सुटका मिळावी असा हट्ट धरू नये. पण त्यावरूनच कळतं की मंडळ्या त्यासाठी पैसा घालत होत्या. रोमच्या मंडळीतला पुढारी क्लेमेंत याच्या नावाचं जुनं पत्र (५५वा अध्याय) तर सांगतं, दुसऱ्यांना सोडवण्यासाठी कित्येकांनी स्वतःला बंधनात दिलं. ‘आहेस तिथेच राहा’ एवढंच ऐकलेली माणसं असं करत नाहीत.

नोकरी खुशाल बदला, या अध्यायात तिला आडकाठी नाही. आणि कोणी २०वं वचन तोंडावर फेकलं तर तिथल्या तिथे १७ ते २४ मोठ्याने वाचायला लावा आणि २१व्यावर थांबून विचारा, कर्म कुठे आहे?