1990 साली जर्मनीचे काय झाले: एकीकरण, पुनरेकीकरण की विलीनीकरण?

प्रश्न असा आहे: पूर्व आणि पश्चिम जर्मनी एक झाले, त्याला मराठीत कुणी ‘एकीकरण’ लिहितात, कुणी ‘पुनर्एकीकरण’, तर कुणी ‘विलीनीकरण’. बिस्मार्कच्या काळातल्या 1871 च्या घटनेलाही ‘एकीकरण’च म्हणतात. मग 1990 साठी नेमका शब्द कोणता?

थोडक्यात सांगायचे तर ‘एकीकरण’ लिहावे आणि सोबत साल द्यावे. ‘पुनरेकीकरण’ चूक नाही, पण त्यातल्या ‘पुनर्’वरून जर्मनीत चाळीस वर्षे वाद झाला आहे. तो ठाऊक असूनच शब्द वापरावा. ‘विलीनीकरण’ मात्र टाळावे.

आजचे जर्मन लोक रोजच्या बोलण्यात सर्रास ‘वीडरफेराइनिगुंग’ म्हणतात. ‘वीडर’ म्हणजे पुन्हा, ‘फेराइनिगुंग’ म्हणजे एक होणे. ‘पुनरेकीकरण’ हे त्याचे सरळ भाषांतर. पण करारांचे कागद उघडले की ‘वीडर’ गायब होतो. 31 ऑगस्ट 1990 रोजी पूर्व बर्लिनमध्ये पश्चिम जर्मनीचे वोल्फगांग शॉयब्ले आणि पूर्व जर्मनीचे ग्युंटर क्राउझे यांनी ज्या करारावर सह्या केल्या, त्याच्या लांबलचक नावात ‘जर्मनीच्या ऐक्याची स्थापना’ असे आहे. तिथे ‘हेरश्टेलुंग’ म्हणजे स्थापना हा शब्द आहे. ‘वीडरहेरश्टेलुंग’ म्हणजे पुनःस्थापना हा शब्द भाषेत असूनही घेतलेला नाही. 12 सप्टेंबर 1990 च्या मॉस्को करारातही, म्हणजे दोन जर्मनी अधिक अमेरिका, सोव्हिएत संघ, ब्रिटन आणि फ्रान्स यांच्या ‘दोन अधिक चार’ करारात, ‘एक झालेला जर्मनी’ आहे. ‘पुन्हा’ एक झालेला नाही.

याचे कारण सीमेत आहे. ‘पुन्हा’ म्हटले की लगेच विचारावे लागते, कधी होता तसा? पश्चिम जर्मनीच्या अधिकृत भूमिकेनुसार, शांतता करार होईपर्यंत कायद्याच्या दृष्टीने जर्मनी म्हणजे 31 डिसेंबर 1937 च्या सीमांतला देश. त्या सीमांत ओडर आणि नाइसे नद्यांच्या पूर्वेचा मुलूख येत होता: सायलेशिया, पोमेरेनियाचा मोठा भाग, पूर्व प्रशिया. म्हणजे जवळजवळ एक चतुर्थांश भूभाग. 1945 मध्ये तो पोलंडकडे आणि सोव्हिएत संघाकडे गेला, तिथल्या जर्मनांना हाकलून देण्यात आले आणि ब्रेस्लाऊ शहराचे व्रोत्सवाफ झाले. पुढे पश्चिम जर्मनीत ‘तीन तुकडे? कदापि नाही!’ अशी पोस्टरे लागत. त्यांवरच्या नकाशात पश्चिम जर्मनी, पूर्व जर्मनी आणि नदीपलीकडचा हा मुलूख असे तीन तुकडे दाखवलेले असत. याच समजुतीतून बरेच जण पूर्व जर्मनीला ‘मध्य जर्मनी’ म्हणत, कारण त्यांच्या लेखी खरा पूर्व त्याच्याही पलीकडे होता.

अशा वातावरणात ‘वीडर’ हा उपसर्ग पोलंडमध्ये कसा ऐकू येत असेल, हे सांगायला नको. पश्चिम जर्मनीचे माजी चान्सलर विली ब्रांट यांनी 1988 मध्ये वीडरफेराइनिगुंगच्या आशेला दुसऱ्या जर्मन प्रजासत्ताकाचे, म्हणजे पश्चिम जर्मनीचे, ‘जगण्यासाठी कवटाळलेले असत्य’ म्हटले, तेव्हा त्यांचा रोख या ‘वीडर’वर होता. 28 नोव्हेंबर 1989 रोजी चान्सलर हेल्मुट कोल यांनी एकीकरणासाठी दहा कलमी कार्यक्रम मांडला, त्यात पोलंडच्या सीमेचा उल्लेखच नव्हता, आणि त्यावरून लगेच गदारोळ झाला. शेवटी मॉस्को कराराच्या पहिल्याच कलमात लिहिले गेले, की एक झालेल्या जर्मनीत संघीय प्रजासत्ताक (पश्चिम जर्मनी), पूर्वेचे लोकशाही प्रजासत्ताक आणि संपूर्ण बर्लिन एवढेच येईल. याबाहेर त्याचा कुठल्याही प्रदेशावर दावा नाही आणि पुढेही नसेल. 14 नोव्हेंबर 1990 रोजी पोलंडशी वेगळा सीमा करारही झाला. एवढ्याच भूभागाचा जर्मनी याआधी इतिहासात कधीच नव्हता. म्हणूनच ‘पुन्हा’ हा शब्द काटेकोरपणे पाहता बसत नाही.

इथे आपले व्याकरण चांगले उपयोगी पडते. ‘एकीकरण’मधला ‘ई’ संस्कृतातल्या च्वि प्रत्ययाचा आहे. जे तसे नव्हते ते तसे करणे, हा त्याचा अर्थ. याला अभूततद्भाव म्हणतात. शुद्धीकरण, स्थिरीकरण, राष्ट्रीयीकरण हे शब्द याच घडणीचे. तेव्हा ‘एकीकरण’ म्हणजे जे एक नव्हते ते एक करणे. ‘हेरश्टेलुंग’ला हा अर्थ अगदी चपखल बसतो.

तरीही ‘पुनरेकीकरण’ हाच योग्य, अशी एक जागा आहे. 1949 ते 1989 या काळातल्या पश्चिम जर्मन राजकारणाबद्दल, तिथल्या मागणीबद्दल आणि घोषणांबद्दल लिहिताना तोच वापरावा. तिथे ‘एकीकरण’ लिहिले तर त्या मागणीतला दावाच नाहीसा होतो. लेखन मात्र ‘पुनरेकीकरण’ असे एकसंध हवे. पुनरागमन, पुनरावृत्ती, पुनरुज्जीवन यांत र् पुढच्या स्वरात मिसळतो, तसाच इथेही मिसळतो. ‘पुनर्एकीकरण’ आणि ‘पुनःएकीकरण’ ही दोन्ही रूपे संधीच्या नियमात बसत नाहीत.

आता ‘विलीनीकरण’. हा शब्द सुचण्यामागे खरे कारण आहे. पश्चिम जर्मनीच्या 1949 च्या राज्यघटनेत एक होण्याचे दोन मार्ग होते. कलम 146 नुसार सर्व जर्मनांनी मिळून नवी घटना करायची, किंवा कलम 23 नुसार एखाद्या प्रदेशाने असलेल्या प्रजासत्ताकात सामील व्हायचे. दुसरा मार्ग आधी वापरून झाला होता. 1 जानेवारी 1957 रोजी सारलँड तसाच सामील झाला. 23 ऑगस्ट 1990 रोजी पूर्व जर्मनीच्या संसदेने, फोल्क्सकामरने, 294 विरुद्ध 62 मतांनी हाच मार्ग निवडला. 7 सदस्य तटस्थ राहिले. घटना तीच राहिली, चलन आधीच 1 जुलैपासून पश्चिमेचे झाले होते, संयुक्त राष्ट्रांतली पूर्वेची वेगळी जागा संपली. एक राज्य चालू राहिले, दुसरे मिटले.

पण या कृतीला जर्मन शब्द ‘बाइट्रिट’ आहे, म्हणजे सामील होणे. त्यात कर्ता सामील होणारा असतो. ‘विलीनीकरण’ म्हटले की विलीन करून घेणारा कर्ता होतो. जर्मनीत ज्यांना हा सगळा प्रकार गिळंकृत करण्यासारखा वाटला, ते मुद्दाम ‘आन्श्लुस’ म्हणत. मार्च 1938 मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया जोडून घेतला, त्याला लागलेला हा शब्द. त्यामुळे मराठीत ‘विलीनीकरण’ लिहिले की आपण नकळत एक बाजू घेतो. शिवाय मराठी वाचकाला त्यातून संस्थाने आठवतात, किंवा 16 जानेवारी 1967 चा गोव्यातला कौल, ज्यात गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हायला नकार दिला. तिथे प्रश्न आधीच अस्तित्वात असलेल्या राज्यात मिसळून जाण्याचा होता. जर्मनीत मात्र 1952 मध्ये मोडलेली ब्रांडेनबुर्ग, सॅक्सनी, सॅक्सनी-अनहाल्ट, थुरिंगिया आणि मेक्लेनबुर्ग-फोरपोमर्न ही पाच राज्ये पुन्हा उभी राहिली आणि संघराज्यात बाकीच्यांच्या बरोबरीने बसली. कायदेशीर कृतीबद्दल लिहिताना ‘पूर्व जर्मनी संघीय प्रजासत्ताकात सामील झाला’ हे साधे वाक्य सर्वांत बिनचूक.

सामील होण्याचे ते कलम 23 एकीकरण होताच रद्द झाले, हेही इथे सांगायला हवे. आता आणखी कुणी सामील व्हायचे उरलेले नाही, असा त्याचा अर्थ होता आणि तो पोलंडसाठी महत्त्वाचा होता. 1992 मध्ये त्याच क्रमांकावर युरोपीय संघाविषयीचे कलम आले. घटनेच्या प्रास्ताविकेत जर्मन लोकांना ऐक्य ‘पूर्ण करण्याचे’ आवाहन होते, ते बदलून ऐक्य ‘पूर्ण केले आहे’ असे झाले.

1871 चा घोळ सोडवणे सोपे आहे. 18 जानेवारी 1871 रोजी व्हर्सायच्या राजवाड्यात घडले त्याला जर्मन इतिहासकार ‘राइशग्र्युंडुंग’ म्हणजे साम्राज्यस्थापना म्हणतात. मराठीत तिथे ‘जर्मन साम्राज्याची स्थापना’ लिहिले, तर ‘एकीकरण’ 1990 साठी मोकळे राहते.

एकीकरण 3 ऑक्टोबर 1990 रोजी झाले. त्या दिवसाच्या सुट्टीला ‘एकीकरण दिन’ न म्हणता ‘जर्मन ऐक्य दिन’ म्हणावे. मूळ शब्द ‘आइनहाइट’ आहे. तो प्रक्रियेचा नसून स्थितीचा आहे. पश्चिम जर्मनीत याच नावाची सुट्टी आधी 17 जून रोजी असे, पूर्व जर्मनीतल्या 1953 च्या उठावाच्या स्मरणार्थ. एकीकरण नसतानाही ऐक्य दिन होता, म्हणून दोन शब्द वेगळे ठेवलेले बरे. ‘9 नोव्हेंबर 1989 ला एकीकरण झाले’ ही चूकही वारंवार दिसते. त्या दिवशी बर्लिनची भिंत उघडली. एकीकरणाला आणखी जवळजवळ अकरा महिने लागले. त्या तारखेला राष्ट्रीय दिन करणेही अवघड होते, कारण 9 नोव्हेंबर 1938 ला ज्यूंवरचे देशव्यापी हल्ले झाले होते.

राहिला ‘वेंडे’. 1989-90 च्या उलथापालथीला जर्मन लोक हा शब्द वापरतात, अर्थ ‘वळण’. पूर्व जर्मनीच्या सत्ताधारी पक्षाचे प्रमुख होनेकर यांच्या जागी आलेल्या एगोन क्रेन्झ यांनी 18 ऑक्टोबर 1989 च्या भाषणात, आपला पक्ष ‘वेंडे’ सुरू करील, असे म्हटले. त्याच्या आधीच, 9 ऑक्टोबरला, लाइपझिगच्या रस्त्यावर सुमारे 70,000 लोक उतरले होते. वळण पक्षाने घेतले नव्हते, लोकांनी घ्यायला लावले होते. लेखिका क्रिस्टा वोल्फ यांनी 4 नोव्हेंबरला आलेक्सांडरप्लाट्झवरच्या सभेत या शब्दावरच आक्षेप घेतला: वेंडे म्हणताच शिडाचे जहाज डोळ्यांसमोर येते, वारा बदलला म्हणून कप्तान वळण्याचा हुकूम देतो आणि शिडाचा दांडा फिरताना खलाशी डोकी खाली घालतात. रातोरात निष्ठा बदलणाऱ्यांना तेव्हा ‘वेंडेहाल्स’ म्हणत. हे सुतार पक्ष्याच्या कुळातल्या, मान गरगर फिरवणाऱ्या एका पक्ष्याचे नाव.

त्यामुळे लाइपझिग आणि इतर शहरांतल्या मोर्चांबद्दल लिहिताना ‘शांततामय क्रांती’ लिहावे. जर्मनीतही त्या वेळचे कार्यकर्ते हाच शब्द पसंत करतात. संपूर्ण कालखंडाबद्दल बोलताना ‘स्थित्यंतर’ चालेल. ‘सत्तांतर’ नको, कारण तेवढ्याने केवळ होनेकर जाऊन क्रेन्झ आले, एवढेच कळते.