समूहगीतकार, कापेला आणि आपला मेस्त्री

प्रश्न असा आहे : युक्रेनचे संगीतरचनाकार मिकोला लेओंतोविच यांच्यावरच्या ज्ञानकोशातील नोंदीत ‘कोरल कंपोझर’साठी ‘समूहगीतकार’ हा शब्द चालेल का? आणि ‘अ कापेला’ला, म्हणजे वाद्यांच्या साथीविना गाण्याला, मराठीत काय म्हणावे?

‘समूहगीतकार’ अजिबात चालणार नाही. मराठीत गीतकार म्हणजे गाण्याचे शब्द लिहिणारा. चाल लावणाऱ्याला गीतकार म्हणायची जी टूम निघाली आहे, तिला ज्ञानकोशात तरी थारा देऊ नये. लेओंतोविच यांचे जगभर पोचलेले ‘श्चेद्रिक’ घ्या. शब्द लोकपरंपरेतले, मूळ स्वरवाक्यही लोकगीतातलेच. त्यांचे काम म्हणजे त्या एवढ्याशा स्वरवाक्याभोवती रचलेले वेगवेगळ्या आवाजांचे विणकाम. ‘गीतकार’ लिहिले की न केलेले काम त्यांच्या नावावर चढते आणि केलेले पुसले जाते.

‘समूह’ या अर्ध्या भागाचीही तीच गत. आपले समूहगीत म्हणजे पंधरा ऑगस्टला सगळी शाळा एका सुरात, पेटी-तबल्यावर गाते ते. कोरल संगीतात सोप्रानो, आल्टो, टेनर आणि बास या उंचापासून खर्जापर्यंतच्या आवाजांना एकाच वेळी वेगवेगळे स्वर दिलेले असतात. ‘वृंदगान’ सुचवणारे जाणकार हा भेद विसरतात. आपल्याकडच्या वृंदगानातही बहुतेक वेळ सगळे एकच चाल गात असतात. म्हणून ‘बहुस्वरी समूहगायनाचे संगीतरचनाकार’ लिहा. लांबलचक आहे, पण खरे आहे. ‘कोरल संगीतकार’ असे नुसते लिहिले, तर निम्मे वाचक प्रवाळाकडे वळतील. ‘संगीत दिग्दर्शक’ तर थेट चित्रपटात नेऊन बसवतो.

‘श्चेद्रिक’चे ते स्वरवाक्य आपल्या सरगमीत नोंदीत देता येईल : कोमल ग, रे, कोमल ग, सा. तीन मात्रांचे आवर्तन. पहिल्या मात्रेवर एक स्वर, दुसरीत अर्ध्या-अर्ध्या मात्रेचे दोन, तिसरीवर पुन्हा एक. सा ते कोमल ग, एवढाच पल्ला. ते चक्र फिरत राहते आणि बाकीचे आवाज हळूहळू सरकत त्याचा रंग पालटतात. इंग्रजीत हे गाणे ‘कॅरल ऑफ द बेल्स’ म्हणून ओळखले जाते, पण शीर्षकाचे भाषांतर ‘घंटांचे गीत’ करू नका. घंटा आल्या १९३६ मध्ये, पीटर विल्हाउस्की यांच्या इंग्रजी शब्दांबरोबर. मूळ गाण्यात एक पाकोळी घरधन्याला बरकतीची वर्दी देते. ‘श्चेद्री’ म्हणजे उदार, सढळ हाताचा. गाण्याचा दिवसही नाताळ नव्हे, तर जुन्या पंचांगाप्रमाणे नववर्षाची पूर्वसंध्या, म्हणजे आताची १३ जानेवारी.

आता ‘कापेला’. खरी गंमत इथे आहे. उत्तर-लॅटिनमध्ये ‘काप्पा’ म्हणजे झगा. इंग्रजीतले ‘कॅप’ आणि ‘केप’ त्याच घरातले. ‘काप्पेल्ला’ म्हणजे छोटा झगा, आणि तो होता फ्रान्समधल्या तूरच्या संत मार्टिनचा. थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला त्याने आपला झगा अर्धा कापून दिला, अशी कथा आहे. तो झगा फ्रँक राजांनी पवित्र अवशेष म्हणून जपला. झगा ठेवला ती जागा ‘कापेला’ झाली, झग्याची राखण करणारा ‘चॅप्लेन’ झाला. पुढे कोणतेही छोटे प्रार्थनाघर कापेला, आणि दरबारच्या प्रार्थनाघरात गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा ताफाही कापेलाच. त्या ताफ्याचा म्होरक्या जर्मनमध्ये ‘कापेलमायस्टर’, पोर्तुगीजमध्ये ‘मेस्त्र दे कापेला’.

गोव्याच्या वाचकाने इथे कान टवकारावेत. कोकणीत छोट्या प्रार्थनाघराला ‘कपेल’ म्हणतात, आणि मेस्त्री तर कोकणात घरोघरी. दोन्ही पोर्तुगीजांकडून आलेले. लॅटिन ‘मागिस्तेर’ जर्मनमधून ‘मायस्टर’, इटालियनमधून ‘माएस्त्रो’, पोर्तुगीजमधून ‘मेस्त्र’ आणि आपला मेस्त्री, इंग्रजीमार्गे मास्तर. म्हणजे कापेलमायस्टर हा शब्द सबंधच्या सबंध आपल्याकडे पडून आहे : कपेलमेस्त्री! मेस्त्री म्हणजे सुतार, असे म्हणून यावर नाक मुरडणारे विद्वान आहेत. गोव्यात पोर्तुगीज अमलात चर्चच्या शाळेतून मुलांना स्वरलिपी, व्हायोलिन आणि गाणे शिकवणारा मेस्त्र दे कापेला काय रंधा मारत होता? संस्कृत धातूंपासून पाडलेली टाकसाळी नाणी बाजूला ठेवून माणसे बोलतात ते शब्द तपासले, तर परिभाषा समित्यांचे निम्मे काम वाचेल.

लेओंतोविच यांनी आयुष्यभर केले ते जवळपास या मेस्त्र दे कापेलाचेच काम. धर्मगुरूच्या घरात जन्म, कामियानेत्स-पोदिल्स्कीच्या सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या शाळेत, शिक्षण, मग शाळामास्तरकी. ह्रिशिने स्थानकावर रेल्वे कामगारांचे गायकवृंद आणि १९०८ पासून तुल्चिनला धर्मगुरूंच्या मुलींच्या शाळेत संगीतशिक्षण. ऑर्थोडॉक्स उपासनेत वाद्ये नसतात, त्यामुळे साथीविना गाणे हे त्यांचे अंगवळणी पडलेले माध्यम. ‘अ कापेला’ म्हणजे ‘प्रार्थनाघराच्या रीतीने’. मराठीत सरळ ‘वाद्यसाथीविना’ लिहा.

पण युक्रेनियन ‘कापेला’ला हेच भाषांतर चिकटवू नका. तिथे ते गायकसंघाचे नाव आहे. ‘युक्रेनियन रिपब्लिक कापेला’ १९१९ मध्ये ‘श्चेद्रिक’ घेऊन युरोपच्या दौऱ्यावर निघाली, ५ ऑक्टोबर १९२२ रोजी ते न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये गाजले. तिला ‘वाद्यविरहित प्रजासत्ताक’ केलेत तर हसे होईल. बांदुरा या युक्रेनियन तंतुवाद्याच्या वादकांची कापेला तर बांदुरा छेडतच गाते.

नावे रशियनवरून घेऊ नका, युक्रेनियनवरून घ्या : निकोलाय नव्हे मिकोला, त्या कापेलाचे संचालक अलेक्सांद्र नव्हे ओलेक्सांद्र कोशित्स. रशियनमध्ये ‘ग’ वाचल्या जाणाऱ्या अक्षराचा युक्रेनियनमध्ये उच्चार ‘ह’ आहे, म्हणून लेओंतोविच यांना गोळी घालणारा चेका या सोव्हिएत गुप्त पोलिसांचा हस्तक ग्रिश्चेंको नव्हे, ह्रिश्चेंको. शहर ‘क्यीव’ लिहा. नुसते ‘कीव येथे’ वाचून मराठी माणसाला भलतीच दया येते. मधले ‘द्मित्रोविच’ हे वडिलांच्या द्मित्रो या नावावरून, आपल्यासारखेच, आडनाव लेओंतोविच. दोन्हींच्या शेवटी ‘ओविच’ असल्याने अकारविल्हे यादीत नोंद ‘द’खाली जाते, ती ‘ल’खाली हवी.

तारखांत एकच खाचखळगा आहे. जन्म जुन्या (ज्युलियन) पद्धतीने १ डिसेंबर १८७७, नव्याने १३ डिसेंबर. एकोणिसाव्या शतकात फरक बारा दिवसांचा, तेरा मिळवून १४ करू नका. मृत्यूची २३ जानेवारी १९२१ ही तारीख आधीच नव्या पद्धतीची आहे, तिच्यात काहीही मिळवायचे नाही.