दिवाळीत भेट म्हणून घरी केलेलं फ्लेवर्ड सिरप द्यायचं आहे. व्हॅनिला, गुलाब की कोकम, यातलं कोणतं करावं, उकळावं लागतं का आणि किती टिकतं?

तुम्ही प्रश्नात व्हॅनिला, गुलाब आणि कोकम अशी तीन नावं दिली आहेत. त्यातली पहिली दोन सोडून द्या. दुकानातून इसेन्सची बाटली आणायची, साखरेच्या पाकात ओतायची आणि 'घरी केलंय' म्हणून हातात ठेवायचं, याला मी भेट म्हणत नाही. समोरच्याला ते कोपऱ्यावरच्या दुकानात आयतं मिळतं. द्यायचंच तर कोकमाचं द्या, अमृत कोकम. आणि ते अजिबात उकळायचं नाही. या एका मुद्द्यावरून माझं सासरी वाजलेलं आहे, त्यामुळे उत्तर लांबेल.

माझं माहेर राजापूर तालुक्यातलं. परसात रातांब्याची, म्हणजे कोकमाच्या फळाची झाडं आहेत, त्यामुळे मे महिना म्हणजे घरभर आंबट वास आणि सगळ्यांची लाल बोटं. रातांबा काळपट लाल, पूर्ण पिकलेला हवा आणि पहिला मोठा पाऊस पडायच्या आत काढलेला हवा. पाऊस लागला की फळ पाणचट होतं, फुटतं, आणि वर बरण्या तापवायला ऊनही उरत नाही. रातांबे धुवायचे आणि मग एकेक फळ कोरड्या फडक्याने पुसायचं. आमची आई या पुसण्यावर जेवढा वेळ घालवायची तेवढा पुढच्या कशावरच नाही. पाण्याचा अंश राहिला की बुरशी आलीच, हे तिला कुणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं.

फळाचे दोन भाग करून बिया आणि गर काढून घ्यायचा. गराचा रस आमसुलांना पुटं द्यायला जातो, बिया वाळवून त्यांचं मुठेल, म्हणजे कोकमाचं घट्ट तेल होतं, काहीच फुकट जात नाही. उरलेल्या सालींच्या वाट्यांमध्ये साखर दाबून भरायची, त्या काचेच्या बरणीत उताण्या रचायच्या, प्रत्येक थरावर पुन्हा साखर. प्रमाण वजनाने, 1 किलो सालींना 2 किलो साखर. तोंडाला दादरा बांधून बरणी उन्हात. दुसऱ्या दिवशी दुपारी बघा. खालची साखर आधी गुलाबी होते, मग तिचा ओला लगदा, आणि त्याखाली गडद लाल रस साचू लागतो. दिवस जातात तसा रस वर चढतो आणि साली आक्रसून त्यावर तरंगायला लागतात. रोज एकदा कोरड्या लाकडी चमच्याने तळातून हलवायचं, संध्याकाळी बरणी घरात. आठवड्याभरात, ढगाळ असलं तर आणखी चार दिवसांत, साखरेचा कण उरत नाही. मग गाळायचं. झालं सरबत. गॅस कुठे आला?

साखर 2 किलो वाचून तुम्ही दचकला असाल. सगळे इथेच हात आखडतात आणि इथेच मार खातात. सालींमध्ये पाणी पुष्कळ असतं. दुप्पट साखर घातली की रसात विरघळलेले घटक 65 टक्क्यांच्या पुढे जातात. फळांच्या सिरपसाठी आपल्या खाद्यनियमांत किमान मर्यादा हीच आहे आणि ती उगाच ठेवलेली नाही. एवढी साखर असली की ती पाणी बांधून ठेवते, बुरशीला आणि यीस्टला वाढायला ते मिळत नाही. त्यात कोकम मुळातच कमालीचं आंबट. निम्मी साखर घालाल तर सरबत गोडीला बरं लागेल, पण फसफसेल. 'आम्हाला कमी गोड लागतं' म्हणणाऱ्यांनी ग्लासात पाणी जास्त घालावं, बरणीत साखर कमी करू नये.

आता मुंजीची गोष्ट. माझ्या मोठ्या दिरांच्या मुलाची मुंज पुण्यात मे अखेरीस होती. येणाऱ्यांना परतभेट म्हणून अमृत कोकमाच्या छोट्या बाटल्या द्यायच्या, असं सासूबाईंशी बोलून ठरलं होतं. मी माहेरी जाऊन आईबरोबर सरबत केलं, बाटल्या उकळत्या पाण्यातून काढून उन्हात पालथ्या वाळवल्या, भरल्या, प्रत्येकीला जिऱ्याची पुडी बांधली आणि जुन्या लुगड्याच्या पट्ट्यांत गुंडाळून पुण्याला नेल्या. मोठ्या जाऊबाईंनी खोकं उघडून बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, घरचं असलं हल्ली कोण पितं? कुणाला बाधलं तर नाव आमचं जाईल." खोकं आतल्या खोलीत पलंगाखाली गेलं आणि पाहुण्यांना सुक्या मेव्याची पाकिटं वाटली. मी काही बोलले नाही, मंगलकार्यात तमाशा नको म्हणून.

त्या बाटल्या सासूबाई गुपचूप आपल्याबरोबर घेऊन गेल्या. उन्हाळ्यात त्यातल्या काही संपल्या, काही आल्यागेल्याला दिल्या, आणि शेवटची त्यांनी पुढच्या होळीला उघडली. मी समोर होते. रंग तसाच, वास तसाच, तोंडाशी बुरशीचा ठिपका नाही. कुणाला काही बाधलं नाही. किती टिकतं या तुमच्या प्रश्नाचं माझ्याकडे हे उत्तर आहे.

एवढ्यावर मिटलं असतं तर मी इथे लिहायला बसले नसते. पुढच्या उन्हाळ्यात जाऊबाईंनी स्वतःच सरबत करायला घेतलं. कुणाकडून तरी रातांबे मिळवले, साली मिक्सरमधून काढल्या, निम्मीच साखर घातली आणि अॅल्युमिनियमच्या पातेल्यात सगळं रटरटा उकळलं, "म्हणजे टिकेल". रंग विटकरी झाला म्हणून त्यात खायचा लाल रंग घातला. भिशीतल्या बायकांना बाटल्या दिल्या आणि सांगितलं की ही आमच्या धाकट्या जाऊची कोकणातली पद्धत. दोन बाटल्यांची झाकणं फसफसून उडाली. मग मला फोन, "तुझ्या पद्धतीचं सरबत बिघडलं बाई."

माझी पद्धत ती नव्हती. कोकमाचा लाल रंग अँथोसायनिन या नैसर्गिक रंगद्रव्याचा असतो. त्याला उष्णता सोसत नाही, जितका वेळ उकळाल तितका तो तपकिरीकडे झुकतो. शिजवल्याने ताज्या सालीचा वासही जातो, उरतो तो नुसता आंबट पाक. उकळल्याने त्या क्षणीचे जंतू मरतात हे खरं, पण साखर कमी असेल तर बाटली उघडल्यावर हवेतले नवे येतात आणि त्यांना रान मोकळं असतं. टिकण्याचं काम साखर आणि आंबटपणा करतात. आणि एवढं आंबट काही अॅल्युमिनियममध्ये किंवा कल्हई नसलेल्या पितळेत ठेवायचंच नाही, भांड्याचा धातू रसात उतरतो. काच, चिनीमाती किंवा चांगलं स्टील, बस. हे मी जाऊबाईंना तेव्हाही सांगितलं, पण तिकडे कोकणातल्या बायकांच्या सांगण्याला शास्त्र म्हणत नाहीत. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण अमृता' नावाची खास जात काढली. या फळाला एवढा मान आहे, आणि आमच्या घरात ते पलंगाखाली गेलं.

तर तुमची दिवाळी. अडचण अशी की रातांबे दिवाळीत मिळत नाहीत. ज्याला दिवाळीत अमृत कोकम द्यायचं आहे त्याने मे महिन्यातच करून ठेवायला हवं. यंदा नाही केलं, तर पुढच्या वर्षी करा. कोकणातलं कुणी ओळखीचं असेल तर मार्च-एप्रिलमध्येच सांगून ठेवा, शहरातल्या बाजारात ताजे रातांबे येतात पण भरवसा नसतो. वाळलेली आमसुलं भिजवून, वाटून सरबत होतं. ते घरी प्यायला ठीक आहे. भेट म्हणून देऊ नका, त्यात खारटपणा उतरतो.

यंदाच द्यायचं असेल तर आलं-लिंबू करा. 1 किलो साखरेत पाव लिटर पाणी घालून पाक उकळा, आल्याचा रस त्यातच जाऊ द्या. आलं किसून पिळलं की रस थोडा वेळ तसाच ठेवायचा, तळाशी पांढरा साका बसतो, तो टाकून वरचा रस घ्यायचा, नाहीतर बाटलीत गढूळ थर दिसतो. हा रस दोन-तीन चमचे पुरे. पाक कोमट झाल्यावर पाव लिटर लिंबाचा रस गाळून घाला. इथेही तेच, पाक शिजवा, फळाचा रस शिजवू नका. आवळ्याचा विचार असेल तर तो तुळशीच्या लग्नाच्या सुमाराला चांगला मिळतो, दिवाळीला घाई होते.

बाटल्या काचेच्या, झाकण प्लॅस्टिकचं. पत्र्याचं झाकण आम्लाने आतून गंजतं आणि काळा रस बाटलीत ओघळतो. बाटली गळ्यापर्यंत भरू नका, वर दोन बोटं जागा सोडा. जिरं बाटलीत घालू नका, महिन्याभरात त्याचा वास उतरतो आणि तळाशी गाळ दिसतो. भाजून कुटलेलं जिरं आणि मीठ वेगळ्या पुडीत द्या आणि चिठ्ठीवर लिहा की एक भाग सरबताला चार-पाच भाग गार पाणी.

एक-दोन गोष्टी राहिल्या. बंद बाटली थंड, अंधाऱ्या जागी ठेवली तर माझं अमृत कोकम वर्षभर छान राहतं. आलं-लिंबाचा भरवसा मी दोन महिन्यांपलीकडे देत नाही, तेही फ्रिजमध्ये. उघडलेली बाटली कोणतीही असो, फ्रिजमध्येच. वर बुरशी दिसली किंवा झाकण उघडताना फुस्स आवाज आला तर वरचं काढून खालचं वापरायचं नाही, सगळं ओतून द्यायचं. मधुमेह असलेल्या घरी ही भेट नेऊ नका, त्यांना आगळ, म्हणजे कोकमाचा मीठ घातलेला रस द्या, त्यात साखर नसते, मात्र मीठ भरपूर असतं, त्यामुळे रक्तदाबवाल्यांकडे तेही नको. आणि वाटण्याऐवजी विकायचा विचार आला तर आधी अन्नपदार्थांची नोंदणी करून घ्या, घरगुती असलं तरी ती लागते.

बाटलीवर काय घातलंय, कधी भरलंय हे लिहा. रंग घातला असेल तर तेही लिहा. आणि कुणाची पद्धत बदलून केलं असेल, तर कृपा करून त्या माणसाचं नाव लावू नका.