माकडाचा मलेरिया: अहवाल ‘निगेटिव्ह’ आला तरी शोध थांबवू नका

नमस्कार. मदाऱ्याकडून जप्त केलेल्या, मूळच्या दक्षिणेकडच्या बॉनेट माकडिणीला इंदूरच्या निवारा केंद्रात अधूनमधून ताप येतो, हिरड्या पांढुरक्या पडल्या आहेत, रक्ताच्या स्लाइडवर काही दिसत नाही आणि पीसीआरमध्ये (डीएनएच्या प्रती वाढवून करायच्या तपासणीत) प्लास्मोडियम हा मलेरियाच्या परजीवींचा वंश सापडूनही एकही प्रजाती जुळत नाही, असे तुम्ही लिहिले आहे. हे वाचून राहवले नाही, कारण आमच्याकडच्या एका नराच्या बाबतीत अगदी हेच घडले होते.

आम्ही त्याचा नमुना एका नावाजलेल्या प्रयोगशाळेत पाठवला. तिथे तो माणसांच्या तपासणीत वापरतात त्याच प्रायमरांवर (ठरावीक प्रजातीचा डीएनए हुडकणाऱ्या छोट्या तुकड्यांवर), म्हणजे फाल्सिपेरम, व्हायवॅक्स, मलेरी आणि ओव्हाले या माणसांतल्या चार मलेरिया-प्रजातींसाठी, चालवला गेला, आणि चौघांपैकी कोणीही न मिळाल्याने अहवालावर सरळ ‘मलेरिया आढळला नाही’ असे लिहून आले. बॉनेट माकडांत निसर्गतः आढळणारे फ्रॅजाइल, इनुई आणि सायनोमोल्गी हे परजीवी त्या यादीतच नव्हते. कोणते प्रायमर वापरले, हे विचारले असता माहिती देता येत नाही, असे सांगण्यात आले. उरलेला डीएनए मागितला, तर तो नष्ट केल्याचे कळले. त्या एका ओळीवर विसंबून केंद्राच्या डॉक्टरांनी प्रतिजैविके चालू ठेवली आणि जनावराचा रक्तक्षय वाढत गेला. म्हणून माझे ठाम मत असे, की नमुना देण्यापूर्वी प्रायमरांची यादी आणि उरलेला डीएनए परत मिळण्याची हमी लेखी घ्यावी, आणि दोन्हींना नकार मिळाला तर नमुना तिथे देऊच नये.

प्रजाती ठरवण्यात अनुभवी माणसेही चुकतात. मलेशियाच्या सारावाक राज्यातील कापित येथे सूक्ष्मदर्शकाखाली ‘मलेरी’ ठरवलेले कित्येक रुग्ण प्रत्यक्षात माकडांच्या नोलेसी या परजीवीने बाधित होते, हे 2004 मध्ये पीसीआरमुळे सिद्ध झाले. नोलेसीची कोवळी वलये फाल्सिपेरमसारखी आणि पट्टीच्या आकाराची प्रौढ रूपे मलेरीसारखी दिसतात. याच नोलेसीचा माणसाला संसर्ग होऊ शकतो, हे आपल्याच देशात, कलकत्त्यात, 1932 साली प्रयोगाने दाखवले गेले होते, हे आपल्याकडे किती जणांना ठाऊक आहे?

तुमच्या माकडिणीसाठी सायटोक्रोम-बी या मायटोकॉन्ड्रियाच्या जनुकाचा तुकडा वाढवून त्याचे सिक्वेन्सिंग, म्हणजे डीएनएतील अक्षरांच्या क्रमाचे वाचन, करून घ्या. एका पेशीत त्याच्या अनेक प्रती असल्याने रक्तात परजीवी तुरळक असले तरी तो हाती लागण्याची शक्यता वाढते, आणि जुन्या, मुरलेल्या संसर्गात परजीवी बहुधा तुरळकच असतात. मात्र सिक्वेन्सिंगच्या आलेखात एकावर एक चढलेली शिखरे दिसली, तर मिश्र संसर्गाची, म्हणजे एकाहून अधिक प्रजाती एकत्र असल्याची, शंका घ्या. माकडांत तो सर्रास आढळतो. आणखी एक शक्यता मनात ठेवा. हेपॅटोसिस्टिस हा प्लास्मोडियमचा जवळचा नातलग माकडांत असतो, वंशाच्या पातळीवरच्या प्रायमरांना तोही प्रतिसाद देऊ शकतो, आणि रक्तात त्याची फक्त गॅमेटोसाइट (लैंगिक अवस्थेतली) रूपे दिसतात. त्यामुळे वंश सकारात्मक आला म्हणजे ताप मलेरियाचाच, असे लगेच मानू नका.

स्लाइड स्वच्छ असण्याला फारसे महत्त्व देऊ नका. फ्रॅजाइलचे प्रौढ परजीवी अंतर्गत अवयवांच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांत चिकटून बसतात, त्यामुळे कानाच्या टोकावरून काढलेल्या थेंबात ते सापडत नाहीत. त्याचे रक्तातले वाढीचे चक्र सुमारे 48 तासांचे आणि इनुईचे 72 तासांचे असल्याने, जनावराला सोसेल अशा बेताने वेगवेगळ्या वेळी स्लाइड काढाव्या लागतात. स्मिअर (काचेवर पसरलेला रक्ताचा थर) ताज्या रक्ताचा करा. पातळ स्मिअर मिथेनॉलमध्ये स्थिर करा, पण जाड थेंबाला मिथेनॉल लागू देऊ नका. गिम्सा या रंगद्रव्यासाठी पाण्याचा पीएच 7.2 ठेवा, कारण आम्लधर्मी पाण्यात सायनोमोल्गीने बाधित रक्तपेशींवरचे, ओळखीचे ठिपके उमटतच नाहीत. आपल्याकडे पावसाळ्यात उघड्या ठेवलेल्या जाड थेंबावर माश्या आणि झुरळे येऊन रक्तच खाऊन टाकतात, म्हणून स्लाइड झाकणाच्या डब्यात वाळवा. रक्त हेपरिन या गोठणरोधकाच्या नळीत घेऊ नका, ते पीसीआरला अडथळा करते. ईडीटीए हा दुसरा गोठणरोधक वापरा, किंवा गाळण कागदावर थेंब घेऊन सावलीत पूर्ण वाळवा, पेन्सिलीने खूण करा आणि सिलिका जेलसह बंद पिशवीत ठेवा.

औषधाची मात्रा मी येथे लिहिणार नाही. ती जनावर समोर पाहणाऱ्या पशुवैद्यानेच ठरवावी. फक्त उपचारापूर्वीचे रक्त राखून ठेवा, आणि सायनोमोल्गी निघाला, तर यकृतात सुप्त राहणाऱ्या रूपांचा विचार करायला त्यांना आवर्जून सांगा, कारण क्लोरोक्विनने केवळ रक्तातले परजीवी मरतात आणि ताप पुन्हा उलटतो. वनखात्याची परवानगी तुम्ही घेतली असेलच.

केंद्रातील सेवकांना समजावून सांगा, की हा परजीवी स्पर्शाने पसरत नाही, डास चावल्याने पसरतो. तेव्हा माकडिणीला दूर लोटू नये, तिच्या पिंजऱ्याला जाळी लावावी. हाताळणाऱ्याला खरा धोका बी व्हायरसचा, म्हणजे माकडांतल्या नागीणवर्गीय (हर्पीस) विषाणूचा, आहे. हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा नसताना तिला कोणीही धरू नये, आणि चावा किंवा ओरखडा बसलाच, तर जखम लगेच साबण-पाण्याने किमान 15 मिनिटे धुऊन त्याच वेळी डॉक्टरांकडे जावे.