'पळणं' हे नाव नाही का?

प्रश्न : माझी मुलगी साडेसहा वर्षांची आहे. नामाची व्याख्या घडाघडा म्हणून दाखवते पण वाक्यातलं नाम ओळख म्हटलं की गडबडते. परवा मलाच विचारलं, "आई, पळणं हे पण नावच आहे ना, मग ते नाम का नाही?" मला काही सांगता आलं नाही. खेळातून हे शिकवायचं तर सुरुवात कुठून करू?

उत्तर : ताई, आधी तिला सांगा की तुझं बरोबर आहे! 'मला पळणं आवडतं' या वाक्यात 'पळणं' नामाचंच काम करतंय, व्याकरणात त्याला धातुसाधित नाम म्हणतात (हा शब्द एवढ्यात तिच्यासमोर काढू नका). शब्दाची जात तो वाक्यात काय काम करतो त्यावरून ठरते, आणि तुमच्या लेकीला हे न शिकवताच जाणवलंय, मला तर फार कौतुक वाटलं.

तर व्याख्या काही दिवस बाजूला ठेवा आणि सुरुवात नामापासून न करता क्रियापदापासून करा, कारण ते अंगाने करून दाखवता येतं. चिठ्ठ्या करा, 'हस', 'नाच', 'पळ', 'झोप', तिने वाचायचं आणि न बोलता करून दाखवायचं. दोन-तीन दिवस असं खेळून झालं की मधेच एक चिठ्ठी घुसवा, नुसतं 'चेंडू'. ती थांबेल, तुमच्याकडे बघेल, "काय करू याचं?" म्हणेल. तिथे घाई करून समजावत बसू नका, फक्त दुसरी चिठ्ठी हातात द्या, 'फेक'. चेंडू फेक! झालं, नाम आणि क्रियापद यातला फरक तिच्या हातात आला.

मारिया माँटेसरींच्या पद्धतीत नामाला काळा त्रिकोण आणि क्रियापदाला लाल गोल अशी खूण असते, कार्डपेपरचे असे तुकडे कापून शब्दांवर ठेवायला दिले तर मुलं तासन्‌तास रमतात.

विशेषणासाठी चार-पाच पेन्सिली मांडा. 'पेन्सिल आण' म्हटलं की ती कुठलीही आणेल, तुम्ही म्हणा ही नाही, लाल आण, मग ही पण नाही, लहान लाल आण. एकेक शब्द वाढला की नेमकी वस्तू सापडत जाते, विशेषणाचं काम हेच. मग 'मोठा' शब्द देऊन घरभर फिरायला सांगा, मोठा चेंडू, मोठी खुर्ची, मोठं पुस्तक, ती आपोआप बदलत जाईल, आणि 'लाल' मात्र सगळीकडे लालच राहतो हे तिचं तिलाच सापडू द्या. सर्वनामाला एकच गेम पुरतो, 'मी' आणि 'तू' न वापरता पाच मिनिटं बोलायचं.

अव्ययं चारही एकदम नकोत. 'अरेच्चा', 'शाब्बास' मुलांना आवडतात, तेवढं चालेल. आणि प्लीज याची टेस्ट घेऊ नका, चुकलं तर पुन्हा चिठ्ठी काढायची, बस.

हे सगळं जमलं की एक दिवस तिच्यापुढे 'खेळ' ही चिठ्ठी ठेवा. 'तू खेळ' आणि 'खेळ संपला', कुठे लाल गोल आणि कुठे काळा त्रिकोण, हे तिचं तिला ठरवू द्या.