हातचलाखी म्हणजे नेमकं काय, ती आली कुठून आणि हातातलं नाणं गायब कसं होतं?

हात डोळ्यापेक्षा वेगाने चालतो म्हणून फसगत होते, हा समज आधी काढून टाका. हातचलाखीत खरी हालचाल एका साध्या, ओळखीच्या हालचालीआड लपवलेली असते. घाई दिसली की संशय आलाच.

कला फार जुनी. पहिल्या शतकातल्या सेनेका या रोमन तत्त्ववेत्त्याने एका पत्रात वाट्या-खड्यांच्या खेळाचा उल्लेख केलाय आणि युक्ती कळली की गंमत संपते, असंही म्हटलंय. इंग्लंडमध्ये १५८४ साली रेजिनाल्ड स्कॉटने चेटकिणींवरच्या अंधश्रद्धेविरुद्ध पुस्तक लिहिलं. त्यात गोळ्या, नाणी आणि पत्त्यांच्या युक्त्या उलगडून दाखवल्या. या कलेच्या इतिहासात मला हा प्रसंग सर्वांत मोलाचा वाटतो.

आता नाणं. डाव्या हाताचा तळवा वर, नाणं अंगठा आणि मधल्या बोटाच्या टोकांत कडेने आडवं धरा. उजवा हात वरून आणा, त्याचा अंगठा नाण्याखालून जाईल आणि बोटं पुढून नाणं झाकतील. झाकलं गेलं की डावा अंगठा किंचित सैल सोडा. नाणं आपोआप डाव्या बोटांच्या मुळाशी पडतं. त्याच वेळी उजवी मूठ मिटून बाजूला न्या आणि तुमची नजर त्या मुठीबरोबर जाऊ द्या. डावा हात मनगटातून थोडा आत वळवून सावकाश खाली सोडा.

बिघडतं ते बहुतेक वेळा डाव्या हातामुळे. नाणं लपवलेला हात ताठ होतो, अंगठा बाहेर काटकोनात राहतो आणि लगेच नजरेत भरतो. त्या हातात अंगठी असेल तर नाणं पडताना खण्णकन वाजतं, तीही काढून ठेवा. दुसरी चूक म्हणजे रिकामी मूठ लगेच उघडणं. मध्ये दोन-तीन सेकंद जाऊ द्या, मुठीवर फुंकर मारा, एखादा प्रश्न विचारा. तेवढ्या वेळात नाणं नेमकं कधी हललं, याचा बघणाऱ्याला विसर पडतो.

सरावाची पद्धत सोपी आहे, पण लोक ती टाळतात. आरशासमोर आधी नाणं खरोखर उजव्या हातात घ्या, वीस-पंचवीस वेळा. खांदा किती हलतो, नजर कुठे जाते, बोटं किती मिटतात ते बघा. मग खोटं घेणं हुबेहूब तसंच करा. बाजूला किंवा मागे उभ्या माणसाला तळवा दिसतो, म्हणून बघणारे समोरच बसवा. आणि त्याच लोकांसमोर लगेच पुन्हा करू नका, कारण दुसऱ्यांदा ते डाव्या हाताकडेच बघत असतात.